शेवाळ कुठं वाढलं यावर त्यातलं इंधन ठरतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्री शेवाळापासून गॅस आणि इथेनॉल करता येतं हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "हेक्टरी किती टन निघतं?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. ते टन कुठल्या पाण्यात आणि कुठल्या महिन्यात वाढले हे कळल्याशिवाय त्या आकड्यावर एक रुपयाही लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तसं का, ते पुढच्या उत्तरांत आहे.

शेवाळापासून इंधन म्हणजे नेमकं कोणतं इंधन?

मुख्यतः दोन. पहिलं बायोगॅस: हवा नसलेल्या टाकीत शेवाळ कुजवायचं आणि निघणाऱ्या वायूतला मिथेन वापरायचा. दुसरं इथेनॉल: शेवाळातल्या शर्करा सुट्या करून त्या आंबवायच्या. याखेरीज ब्युटेनॉल, म्हणजे इथेनॉलसारखंच आणखी एक द्रव इंधन, करता येतं. ओलं शेवाळ प्रचंड दाबाखाली तीनशे अंशांच्या आसपास तापवून त्यातून काळं, घट्ट तेल काढण्याची पद्धतही आहे.

बायोडिझेल मात्र डोक्यातून काढून टाका. मोठ्या समुद्री शेवाळात स्निग्धांश वाळलेल्या वजनाच्या जेमतेम १ ते ३ टक्के असतो. "शेवाळापासून डिझेल" अशा ज्या बातम्या येतात त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या असतात. ते तळ्यात किंवा काचेच्या नळ्यांत वाढवतात आणि त्याचं सगळं शास्त्र वेगळं आहे.

समुद्री शेवाळात असतं तरी काय?

सगळ्यात जास्त असतं पाणी, ताज्या वजनाच्या ८० ते ९० टक्के. उरलेल्या भागात शर्करा, प्रथिनं आणि क्षार. शर्करा कुठल्या, हे शेवाळाच्या रंगावरून बरंचसं कळतं.

तपकिरी शेवाळात, म्हणजे थंड समुद्रातलं केल्प आणि आपल्याकडचं सरगॅसम यांत, अल्जिनेट (पेशीभित्तीतली चिकट शर्करा), मॅनिटॉल आणि लॅमिनॅरिन असतं. लॅमिनॅरिन ही केल्पची साठवणीची शर्करा. ती सहज फुटते आणि तिचं ग्लुकोज होतं, म्हणून इंधनवाल्यांचा सगळा जीव तिच्यात. लाल शेवाळात अगार किंवा कॅराजीनन, म्हणजे पदार्थ घट्ट करणाऱ्या शर्करा, असतात. उपासाला आपण जे चायना ग्रास वापरतो ते अगारच. हिरव्या शेवाळात, म्हणजे उल्वासारख्या जातींत, थोडा स्टार्च, थोडं सेल्युलोज आणि उल्वान नावाची गंधकयुक्त शर्करा असते. लाकडातलं लिग्निन यांत जवळजवळ नसतं. त्यामुळे शेवाळ फोडायला लाकूड किंवा पाचटापेक्षा खूपच कमी त्रास पडतो.

जात एकच असेल तर जागेनं असा कितीसा फरक पडणार?

ऊस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एकाच को-८६०३२ उसाचा कोल्हापूर-सांगलीतला साखर उतारा आणि मराठवाड्यातला उतारा यांत टक्का-दीड टक्क्याचा फरक असतो, आणि तेवढ्यावर कारखान्याचा हंगाम तरतो किंवा बुडतो. शेवाळाच्या बाबतीत हा फरक टक्क्या-दोन टक्क्यांवर थांबत नाही. लॅमिनॅरिन वसंतात जवळजवळ शून्यावर असतं आणि शरदात वाळलेल्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास जाऊ शकतं. जात तीच, किनारा तोच.

हिशेब करून बघा. चांगल्या जागी, योग्य वेळी काढलेल्या एक टन ताज्या शेवाळात साधारण १२० किलो कोरडा भाग असतो. त्यातली ३० टक्के राख वजा केली की कुजू शकणारा भाग ८४ किलो उरला. दर किलोला पाव घनमीटरच्या जरा खाली मिथेन धरला, तर साधारण २० घनमीटर मिथेन मिळतो. ही ऊर्जा घरगुती गॅसच्या एका १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा किंचितच जास्त.

आता तेच शेवाळ वाईट जागी किंवा चुकीच्या महिन्यात काढलेलं धरा. कोरडा भाग १०० किलो, राख ४० टक्के, कुजणारा भाग ६० किलो, आणि त्यात सहज फुटणारी शर्करा कमी म्हणून किलोमागे मिथेनही कमी. हाती येतात दहा-अकरा घनमीटर, म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर सिलिंडर. होडी, मजुरी, वाहतूक दोन्ही वेळा तेवढीच लागली.

जागा म्हणजे नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं नत्रखत. शेवाळाला मुळं नसतात, ते अन्न थेट पाण्यातून पूर्ण अंगानं घेतं. पाण्यात नायट्रेट भरपूर असेल तर ते वाढत राहतं, प्रथिनं बांधतं आणि साठवणीची शर्करा फारशी ठेवत नाही. नायट्रेट संपलं आणि ऊन मात्र कडक असलं, की वाढ मंदावते, पण प्रकाशसंश्लेषण चालूच राहतं. मग तयार होणारी शर्करा अंगात साठते. इंधनाला हा साठाच हवा असतो. म्हणजे वजन ज्या जागी झपाट्यानं वाढतं, तिथं शर्करेचं प्रमाण चांगलं असेलच असं नाही. "हेक्टरी किती टन" या प्रश्नानं फसगत होते ती इथं.

दुसरा खारटपणा. मोकळ्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर उत्तरेकडच्या कॅटेगॅटमधून बाल्टिककडे यायला लागलं की हा आकडा उतरत उतरत १० च्याही खाली जातो. केल्प आपल्या पेशींतला दाब सांभाळायला मॅनिटॉल वापरतं. बाहेर मीठ कमी, की आत मॅनिटॉलही कमी. त्यामुळे अवघ्या काही तासांच्या बोटीच्या अंतरावर शेवाळाची घडण बदलते, आणि फार गोड्या पाण्यात तर त्याची वाढच खुरटते.

तिसरी लाट आणि प्रवाह. सॅकॅरिना लॅटिसिमा नावाचं केल्प आडोशाच्या खाडीत रुंद, पातळ पानाचं होतं, आणि उघड्या समुद्रात अरुंद, जाड पानाचं. प्रवाहामुळे पानाभोवतीचं शिळं पाणी हटतं आणि ताजं अन्न मिळतं. फॅरो बेटांजवळ उत्तर अटलांटिकचं पाणी सतत घुसळलेलं असतं, म्हणून तिथल्या उघड्या समुद्रातल्या शेतांत एकाच रोपावरून अनेकदा कापणी घेता येते. पान बुडापासून थोडं वर कापायचं, ते पुन्हा वाढतं.

चौथी खोली. पृष्ठभागाजवळ ऊन जास्त, पण उन्हाळ्यात तिथलं नायट्रेट आधी संपतं. दहा मीटर खाली ऊन कमी, म्हणून शर्करेचा साठा कमी. एकाच दोरावरच्या वरच्या आणि खालच्या शेवाळाचा उतारा वेगळा निघू शकतो. नमुना घेताना हे लक्षात न ठेवल्यामुळे पुष्कळ आकडे निरुपयोगी ठरतात.

तापमानाचं वेगळं सांगायला नको.

मग जागा महत्त्वाची की काढणीचा महिना?

दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण योग्य महिना कुठला हे जागाच ठरवते.

यावरचं पायाभूत काम स्कॉटलंडमध्ये झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या समुद्री शेवाळ संशोधन संस्थेत डब्ल्यू. ए. पी. ब्लॅक यांनी केल्पचे नमुने महिनोन्‌महिने गोळा करून त्यांतल्या घटकांचं मापन केलं. उघडा समुद्र आणि आतली लॉख, म्हणजे जमिनीत शिरलेले समुद्राचे फाटे, यांची तुलना केली. खोलीनुसारही नमुने तपासले. १९५० मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि आजही केल्पपासून इंधन करू पाहणाऱ्याला त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. त्या वेळी इंधनाचा विचार नव्हता, हवं होतं अल्जिनेट. तरीही त्यांनी मॅनिटॉल आणि लॅमिनॅरिन इतक्या चिकाटीनं मोजलं, याबद्दल मला फार आदर वाटतो.

पुढे वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या किनाऱ्यावरच्या लॅमिनॅरिया डिजिटॅटा या केल्पचे वर्षभराचे नमुने घेऊन त्यांपासून इथेनॉल आणि मिथेन किती निघतो ते तपासलं गेलं. सर्वांत जास्त मिळालं जुलैच्या नमुन्यातून. मार्चच्या नमुन्यात धातूंचे क्षार जास्त आणि शर्करा कमी.

आता नॉर्वे बघा. तिथं एकच सॅकॅरिना ५८ ते ६९ अक्षांशांच्या दरम्यान नऊ ठिकाणी लावून पाहिलं. दक्षिणेकडे शेवाळ लवकर वाढतं, पण त्यावर लवकरच इतर जीव चिकटू लागतात. पान पांढरट, खरबरीत होतं, फाटतं, गळतं. उत्तरेकडे हे सगळं कित्येक आठवडे उशिरा घडतं. म्हणजे दक्षिणेतल्या शेतकऱ्याला शर्करा पूर्ण साठायच्या आधीच कापणी करावी लागू शकते, आणि उत्तरेतल्याला थांबायला सवड मिळते. वेल्सचा "जुलै" उचलून नॉर्वेच्या दक्षिण टोकाला लावला तर हाती फाटकं शेवाळ येईल.

राखेवर इतका भर का? ती तर शेवटी उरतेच.

कारण राख म्हणजे न जळणारं, न आंबणारं वजन, आणि ते तुम्ही वाहून नेता. उसाच्या चिपाडात राख फार थोडी असते. समुद्री शेवाळात ती १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय ही राख पोटॅशियम, सोडियम, क्लोरीन यांनी भरलेली असते. बॉयलरमध्ये ती कमी तापमानाला वितळून नळ्यांवर थर धरते आणि धातू खाते. म्हणून वाळवून जाळण्याची कल्पना बहुतेक ठिकाणी सोडून द्यावी लागते.

बायोगॅसच्या टाकीत मीठ वाढलं की मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात. सवय लावली तर त्यांना बरंच मीठ सोसतं, पण ही सवय हळूहळू लावावी लागते.

प्रथिनं जास्त असलेलं शेवाळ चांगलं नाही का?

खायला चांगलं. गॅससाठी नाही. टाकीतल्या मालात कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण २० ते ३० ला १ असावं लागतं. नायट्रेटयुक्त पाण्यात वाढलेल्या शेवाळात हे प्रमाण दहाच्या आसपास उतरू शकतं. मग टाकीत अमोनिया साचतो आणि गॅस कमी निघतो. अशा वेळी पेंढा किंवा पाचट यांसारखा कार्बनवाला माल मिसळावा लागतो.

सांडपाणी किंवा शेतीचं पाणी समुद्रात जातं तिथं शेवाळ जोमानं वाढतं. ते फुकटात मिळालं तर?

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. तिथल्या दाट पशुपालनातून आणि शेतांतून नायट्रेट ओढ्यांवाटे उथळ उपसागरांत येतं, आणि हिरव्या उल्वाचे ढीगच्या ढीग किनाऱ्यावर येऊन पडतात. उल्वात गंधक भरपूर. ढीग आतून सडला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. २००९ च्या जुलैमध्ये सेंट मिशेल आं ग्रेव्हच्या किनाऱ्यावर अशा चिखलात एक घोडा दगावला आणि स्वार बेशुद्ध पडला, तेव्हा हा प्रश्न देशभर गाजला.

असं शेवाळ टाकीत घातलं तर तोच वायू गॅसमध्ये उतरतो आणि इंजिन, नळ्या, बर्नर खातो. तो काढून टाकता येतो, पण त्याला खर्च आहे. तरीही मी म्हणेन की अशा ठिकाणी शेवाळ गोळा करणं हेच मुळात समाजाचं काम आहे, आणि गॅस हे त्यातून होणारं उत्पन्न. हिशेब त्या बाजूनं मांडला तर जमतो.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या दक्षिणेला सोलरोड गावानं तेच केलं. क्यॉगे उपसागरात किनाऱ्यावर कुजणारं शेवाळ ही रहिवाशांची जुनी तक्रार होती. २०१५ साली तिथं बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. त्यात जनावरांचं शेण-मूत्र आणि जवळच्या पेक्टिन कारखान्यातला उरलेला चोथा यांच्या जोडीला हे शेवाळ जातं. शेवाळाचा वाटा लहान आहे. पण किनारा स्वच्छ होतो आणि शेवाळाबरोबर नायट्रोजन-फॉस्फरसही पाण्याबाहेर येतं.

जड धातूंचा प्रश्न खरा आहे का?

खरा आहे, आणि तो पूर्णपणे जागेचा प्रश्न आहे. शेवाळाच्या पेशीभित्ती धातू धरून ठेवतात, विशेषतः तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट. बाल्टिकच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या शेवाळात कॅडमियम ही मोठी अडचण आहे. गॅस निघतो, पण उरलेली मळी शेतात टाकता येईल की नाही याची शंका राहते.

सरगॅसममध्ये आर्सेनिकची अडचण. २०११ पासून अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात तरंगणाऱ्या सरगॅसमचा प्रचंड पट्टा तयार होऊ लागला. जून २०१८ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्याचं वजन दोन कोटी टनांहून अधिक भरलं. कॅरिबियन बेटांवर हे शेवाळ येऊन सडतं. बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या संशोधकांनी ते रम गाळणाऱ्या भट्ट्यांच्या सांडपाण्याबरोबर कुजवून त्यातल्या गॅसवर गाडी चालवून दाखवली.

या सरगॅसममध्ये आणखी एक गोष्ट दिसली. १९८० च्या दशकातले नमुने आणि २०१० नंतरचे नमुने शेजारी ठेवले तर शेवाळातलं नायट्रोजनचं प्रमाण ३५ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. शेवाळ तेच, पण नद्यांतून येणाऱ्या खतामुळे ते जिथं वाढतं ते पाणीच बदललं आणि शेवाळाची घडणही बदलली. म्हणून कुठल्याही जागेचं मापन एकदाच करून चालत नाही.

मग खोल समुद्रात, स्वच्छ पाण्यात मोठी शेती का करत नाहीत?

प्रयत्न झालेत. १९७० च्या दशकात तेलसंकटाच्या काळात अमेरिकेनं कॅलिफोर्नियाजवळ राक्षसी केल्पची समुद्री शेतं उभारून त्यापासून मिथेन काढायचं ठरवलं. तिथल्या मोकळ्या समुद्रात पृष्ठभागावर नायट्रेट जवळजवळ नसतं, ते असतं खोलात. म्हणून पाइपनं खालचं थंड पाणी वर उपसायची योजना होती. वादळांनी रोपं तोडली, दोर तुटले, आणि १९८० च्या दशकात तेल स्वस्त झाल्यावर कार्यक्रम गुंडाळला गेला.

२०१७ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आर्पा-ई या विभागानं शेवाळशेतीसाठी पुन्हा निधी दिला. त्यातला कॅटलिना बेटाजवळचा प्रयोग मला सर्वांत बुद्धिमान वाटतो. पाणी वर आणण्याऐवजी त्यांनी केल्पच खालीवर नेलं. दिवसा नऊ मीटरवर, उन्हात, आणि रात्री ८० मीटरवर, नायट्रेटयुक्त पाण्यात. एका जागी बांधलेल्या केल्पपेक्षा या केल्पचं वजन चौपट भरलं. चांगली जागा मिळाली नाही तर दोन अपुऱ्या जागा जोडून एक करता येते, हे त्यातून दिसतं. मोठ्या प्रमाणावर ते परवडेल का, हा पुढचा प्रश्न आहे.

इथेनॉलसाठी साधं यीस्ट चालत नाही का?

लॅमिनॅरिनमधल्या ग्लुकोजसाठी चालतं. मॅनिटॉल हवेशिवाय आंबवणं साध्या यीस्टला जमत नाही, आणि अल्जिनेटला तर ते हातच लावत नाही. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूत जनुकीय बदल करून तिन्ही शर्करा एकदम वापरल्या आणि एक किलो कोरड्या केल्पपासून २८१ ग्रॅम इथेनॉल काढलं.

असा जिवाणू हाती असेल तर जागेचं महत्त्व थोडं कमी होतं, कारण अल्जिनेट बाराही महिने बऱ्यापैकी असतं. साधं यीस्ट वापरायचं असेल तर लॅमिनॅरिन भरलेलंच शेवाळ हवं. तंत्र कोणतं आणि जागा कोणती, हे दोन निर्णय एकत्र घ्यावे लागतात.

भारतात काय परिस्थिती आहे?

केल्प आपल्याकडे होत नाही. त्याला थंड पाणी लागतं आणि वीस अंशांच्या वर ते टिकत नाही. आपल्याकडची शेती प्रामुख्यानं कप्पाफायकस या लाल शेवाळाची. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं ते भारतात आणून रुजवलं आणि तिच्या तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रातून ते मच्छीमार बायकांच्या बचतगटांपर्यंत पोचलं. बांबूच्या तराफ्यावर लावलेलं शेवाळ साधारण ४५ दिवसांत कापणीला येतं.

जागेचा प्रताप बघायचा तर मंडपमला जावं. एका बाजूला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत मन्नार खवळतो आणि पाल्क शांत असतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांत उलट. उन्हाळ्यात पाणी फार तापलं की शेवाळाचे शेंडे पांढरे पडून गळतात आणि त्यावर दुसरं बारीक शेवाळ चढतं. २०१३ नंतर तिथं फार मोठ्या प्रमाणावर पीक मेलं आणि कित्येक कुटुंबांचं उत्पन्न थांबलं. गुजरातच्या किनाऱ्यावर लाटा जोरदार, म्हणून तिथं तराफ्याऐवजी जाळीच्या नळीत शेवाळ भरून लावतात, आणि पावसाळ्यात तर लावताच येत नाही.

इंधनाचं म्हणाल तर भावनगरच्या संस्थेनं दाखवलेला रस्ता मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ताजं शेवाळ पिळायचं. रस पिकांवर फवारायला जातो, चोथ्यातून कॅराजीनन निघतं, आणि मग उरलेल्यातून इथेनॉल काढता येतं. पोटॅशियमचे क्षार रसाबरोबर आधीच निघून जातात, म्हणून राखेची कटकटही कमी होते.

कोकणात आणि गोव्यात इंधनासाठी शेवाळशेती होईल का?

फक्त इंधनासाठी म्हणाल तर आज नाही, आणि हे मी मनापासून किनारा आवडत असूनही सांगते आहे.

आपला किनारा वर्षातले चार महिने दुसराच असतो. जूनमध्ये वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल यांचं गढूळ पाणी समुद्रात उतरतं. खारटपणा घसरतो, उजेड आत शिरत नाही, आणि लाटा असा मार देतात की तराफे काय, होड्याही वर ओढून ठेवाव्या लागतात. म्हणजे शेतीसाठी उरतात ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेलं.

निसर्गानं मात्र या वेळापत्रकाशी जुळवून घेतलं आहे. खडपांवर पावसाळ्यात वरच्या बाजूला जांभळट, पातळ पोर्फायरा उगवतं. पाऊस सरला की सरगॅसम जोर धरतं आणि हिवाळ्यात मालवणपासून गोव्यातल्या हणजुणपर्यंतच्या कातळांवर त्याची दाटी दिसते. खाड्यांच्या तोंडाशी उल्वा. सरगॅसम इंधनाला ठीक आहे, पण त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्यं जिवाणूंना त्रास देतात. आणि हे रानटी शेवाळ खरवडून न्यायची कल्पना तर सोडूनच द्या. माशांची पिल्लं त्याच्याच आसऱ्यानं वाढतात. मालवणचा काही भाग १९८७ पासून समुद्री अभयारण्यही आहे.

मुंबईच्या खाड्यांतल्या शेवाळाचा मोह अनेकांना होतो. तिथं सांडपाण्यामुळे वाढ आहे, पण कारखान्यांचे धातूही तिथंच आहेत. तपासणीशिवाय त्याची मळी कुठल्याही शेतात जाऊ नये.

वाहून आलेलं शेवाळ घरच्या गोबरगॅसमध्ये टाकू का?

थोडं टाका. आधी वाळू झटका, मग गोड्या पाण्यानं धुवा आणि बारीक कापा. वाळू राहिली तर ती टाकीच्या तळाशी बसून टाकीची जागा खाते, आणि ती काढायला टाकी रिकामी करावी लागते. सुरुवातीला शेणाच्या दहाव्या भागाहून कमी ठेवा आणि काही आठवड्यांनी थोडं वाढवा. गॅसला सडक्या अंड्यासारखा उग्र वास यायला लागला तर लगेच थांबा. स्लरी माडांना घाला, त्यांना थोडं मीठ सोसतं. भाताच्या खाचरात नको.

यातून पैसे सुटतात का?

वरचा हिशेब पुन्हा घ्या. एक टन ताजं शेवाळ म्हणजे फार तर एका सिलिंडरचा गॅस. तेच एक टन कप्पाफायकस वाळवलं तर शंभर किलोच्या आसपास भरतं आणि कॅराजीननवाले त्याला काही हजार रुपये देतात. कोण ते जाळायला देईल? बेंगळुरूची सी-सिक्स एनर्जी ही कंपनी २०१० मध्ये शेवाळापासून इंधन करायचं म्हणूनच सुरू झाली होती. आज ती मुख्यतः शेतीसाठीची शेवाळ-उत्पादनं विकते. मी याला अपयश म्हणत नाही. शेवाळातला महाग भाग आधी विकायचा आणि उरलेल्याचं इंधन करायचं, हाच क्रम सध्या टिकतो.

आमच्या गटाला आमच्याच किनाऱ्यावर चाचणी घ्यायची आहे. काय मोजायचं?

किमान एक पूर्ण वर्ष धरा. निदान दोन जागा निवडा, एक खाडीच्या तोंडाशी आणि एक उघड्या कातळाजवळ. दर महिन्याला, शक्यतो भरती-ओहोटीच्या त्याच स्थितीत, दोराच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे वेगवेगळे नमुने घ्या. त्याच वेळी पाण्याचं तापमान आणि खारटपणा लिहा. खारटपणा मोजायचं हातातलं छोटं यंत्र कोळंबीवाल्यांकडे असतंच. पाण्याची बाटली नायट्रेटसाठी लगेच बर्फात ठेवा.

शेवाळ समुद्राच्या पाण्यात विसळा, पुसून ओलं वजन घ्या आणि त्याच दिवशी वाळवायला ठेवा. उन्हात दोन-तीन दिवस पडून राहिलं तर ते आंबायला लागतं आणि शर्करा हातची जाते. कोरडं वजन आणि राख या दोनच गोष्टी जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टी आणि तराजू असेल तर निघतात, आणि निम्मा निर्णय तेवढ्यावर होतो. शर्करा, नायट्रोजन आणि धातूंसाठी भावनगरची संस्था, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था किंवा एखाद्या कृषी विद्यापीठाची प्रयोगशाळा गाठा. प्रत्येक पिशवीवर जागा, तारीख, खोली आणि भरतीची वेळ न पुसणाऱ्या शाईनं लिहा. ज्या पिशवीवर हे लिहिलेलं नसेल ती तपासायला पाठवू नका.